एक नाव, अनेक पुरुष : वंशावळ लिहिणाऱ्यांसाठी भोसले घराण्याचा धडा

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची प्रथा आपल्या घराण्यांत जुनी आहे. तिच्यामुळे पूर्वजांचे स्मरण टिकते. परंतु वंशावळ लिहू पाहणाऱ्यास तीच प्रथा चकवा देते. ज्यांच्या राज्यात आपल्या अभनपूरचा परिसरही मोडत असे, त्या नागपूरकर भोसल्यांचा इतिहास याचा उत्तम दाखला होय.

या घराण्यात रघुजी तीन झाले. पहिल्या रघुजींच्या काळी, 1741 मध्ये, भास्करपंतांच्या फौजेने रतनपूर घेतले. रघुजी 1755 मध्ये निवर्तले. दुसरे रघुजी त्यांचे नातू, मुधोजींचे पुत्र. 1803 चा देवगावचा तह त्यांचा. तिसरे 1853 मध्ये वारले. मुधोजीही दोन : सीताबर्डीच्या लढाईने परिचित असलेले अप्पासाहेब हे दुसरे मुधोजी, पहिल्यांचे नातू. रतनपूर येथे 1758 ते 1787 कारभार करणारे बिंबाजी हे पहिल्या रघुजींचे पुत्र, आणि त्या रघुजींच्या पित्याचे नावही बिंबाजीच!

अशा वेळी केवळ नावावर विसंबू नये. पिता कोण, पत्नी कोण, गाव कोणते आणि कागदाचा काळ कोणता, हे चार प्रश्न विचारावेत. मराठी कागदांतील शुहूर सनात 599 किंवा 600 मिळविले की इसवी सन येतो. शुहूर 1191 च्या कागदात राज्यकर्ते म्हणून रघुजींचे नाव आले, तर तो काळ 1790-91 चा. पहिले तेव्हा हयात नव्हते, तिसरे जन्मले नव्हते. अर्थात ते दुसरे रघुजी होत.

दत्तविधानाने गुंता आणखी वाढतो. तिसरे रघुजी जन्माने गुजर कुळातील. मूळ नाव बाजीबा. ते दुसऱ्या रघुजींच्या कन्येचे पुत्र होते. 1818 मध्ये परसोजींच्या विधवा पत्नी दुर्गाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. म्हणजे रक्ताने ते दुसऱ्या रघुजींचे दौहित्र, तर दत्तविधानाने पौत्र. वंशावळीत ही दोन्ही नाती वेगळी दाखविली पाहिजेत. हा भेद क्षुल्लक नव्हे. त्यांच्या मृत्यूनंतर यशवंतराव अहेरराव यांस दत्तक घेऊन जानोजी हे पूर्वजाचेच नाव दिले गेले. डलहौसीने ते दत्तक मानले नाही. 1854 मध्ये नागपूरचे राज्य, आणि त्यासोबत छत्तीसगड, कंपनीच्या ताब्यात गेले. वारस कोण, या एका प्रश्नावर राज्य बुडाले.

सामान्य कुटुंबापाशी राजदप्तर नसते; पण जमिनीचे कागद, लग्नपत्रिका, तसेच नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी असतात. यात्रेकरूच्या नावाखाली तेथे पिता, पितामह, भाऊ व मूळ गाव नोंदलेले आढळते. विद्यार्थ्यांनी आपली वंशावळ अवश्य लिहावी. मात्र दोन पुराव्यांचा मेळ बसेपर्यंत दोन समनामी पुरुषांस एक करू नये, आणि जागा भरण्यासाठी नाव कल्पू नये. वंशावळीतील रिकामी जागा पुढच्या पिढीस शोध घेण्यास बोलावते; चुकीचे नाव मात्र तिची वाटच बंद करते.