बाप्तिस्मा आणि पश्चात्ताप

न्हावऱ्याहून दक्षिणेकडे निघून भीमा ओलांडली कीं केडगांव फार दूर राहत नाहीं. तेथील मुक्ति मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचें धर्मांतर सर्वश्रुत आहे. तें दोन टप्प्यांनीं घडलें, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें.

वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडले. द्रव्य दानधर्मांत संपलें. दुष्काळांत देवांपुढें उपासतापास, जपजाप्य, सारें झालें. तरी १८७४ सालीं आईबाप दोघेही गेले. रमाबाईंची मूर्तींवरील श्रद्धा पुढें ओसरली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. सामान्य समजूत येथेंच थांबते. बाईंनीं मात्र १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत निःसंकोच सांगितलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त नव्हे. आणि हें उमगावयास बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें लागलीं! मूर्ति सुटली होती, पण स्वतःच्या पापाची जाणीव बुद्धींतून हृदयांत उतरली नव्हती. कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला 'सरस्वती' म्हणून गौरविलें, त्या विदुषीनें हें लिहावें, याला धैर्य लागतें.

१९०५ च्या जूनअखेर आश्रमांतील मुली रडून आपापले अपराध सांगूं लागल्या. ३० जून रोजीं रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शांतपणें समजावीत होत्या. मुलींच्या प्रार्थनेचा आवाज इतका चढला कीं, बाईंना बोलणें थांबवावें लागलें.