चूक बोटाची की बटणाची?

या मालिकेत आपण लढायांबद्दल आणि सैन्याच्या इतिहासाबद्दल बोलतो. आजचा विषय तुम्हाला जरा वेगळा वाटेल. घरातल्या टीव्हीवर सिनेमा-नाटकं दाखवणारी जी ॲप्स असतात, त्यांचा पडदा कसा असावा, हा तो विषय. पण त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे आणि त्यातला एक धागा आमच्या बेंगळुरूतून जातो.

सुरुवात घरापासून करतो. आम्ही राजाजीनगरला राहतो. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, माहेर बेळगावचं. तिच्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं. दुपारचं जेवण झालं की ती टीव्हीवर जुनी संगीत नाटकं लावायची. रिमोट तिनं पाढ्यासारखा पाठ केला होता : दोनदा खाली, एकदा उजवीकडे, मग मधलं बटण. एके दिवशी ॲपचं रूप रातोरात बदललं. वरचा शोध डाव्या कडेला गेला, शब्द जाऊन नुसती चिन्हं आली. काळ्यावर करडी, बारीक अक्षरं. जिथं थांबावं ते चित्र आपोआप बोलायला लागायचं. आईनं सवयीनं बटणं दाबली आणि ती पैसे भरायच्या पानावर पोचली. मी आवाज चढवला, "आई, किती वेळा सांगितलं, बघून दाब म्हणून!" तिनं रिमोट खाली ठेवला. "माझंच चुकलं रे. आता नको मला ते."

पुढचे चार दिवस टीव्ही बंद होता. चौथ्या दिवशी मला एक जुना जवान आठवला.

मी तरुण कॅप्टन असताना एका फॉरवर्ड पोस्टवर होतो. तिथं एका पाटीवर शेजारी शेजारी दोन स्विच होते. एक बाहेरच्या दिव्यांचा, दुसरा रेडिओ संचाचा. दोन्ही दिसायला सारखे, हाताला सारखे. रात्री अंधारात जवानानं दिवे बंद करायला हात घातला आणि रेडिओ बंद केला. वीस मिनिटं पोस्टचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. मी चौकशी केली, 'हलगर्जीपणा' असा शेरा लिहिला आणि त्याला सात दिवस जादा ड्यूटी दिली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या जवानानं तेच केलं. तेव्हा आमच्या हवालदारानं मला न विचारता रेडिओच्या स्विचला सुतळी गुंडाळली. त्यानंतर ती चूक झाली नाही.

त्या हवालदारानं सुतळीनं जे केलं, ते १९४३ च्या सुमारास अमेरिकेत ॲल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञानं केलं होतं. बी-१७, बी-२५ आणि पी-४७ या विमानांचे वैमानिक सुखरूप उतरायचे आणि मग धावपट्टीवर पंखांचे फ्लॅप्स मिटण्याऐवजी चाकंच मिटून टाकायचे. विमान पोटावर बसायचं. कागदावर नोंद व्हायची, 'वैमानिकाची चूक'. चॅपानिसनं वैमानिकांआधी कॉकपिट तपासलं. चाकांचा आणि फ्लॅप्सचा स्विच शेजारी शेजारी, जवळपास एकसारखे. सी-४७ विमानात मात्र हे दोन्ही दूर दूर होते आणि चालवायची पद्धतही वेगळी होती. त्या विमानात ही चूक होत नव्हती. उपाय सोपा निघाला : चाकांच्या दांड्याला छोटं रबरी चाक, फ्लॅप्सच्या दांड्याला पाचरीसारखा तुकडा. न बघताही हाताला कळावं, एवढाच हेतू. आजही विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी असते.

युद्धानंतर, १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी असे ४६० अनुभव गोळा करून अभ्यासले. सगळ्यांना नाव एकच, 'वैमानिकाच्या चुका'. त्यांतला मोठा वाटा एकच होता : एक दांडा समजून दुसरा ओढणं.

आता बेंगळुरू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीनं इथं हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना उभारला. आजची एचएएल ती हीच. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि तिथं सी-४७, बी-२५ अशा विमानांची दुरुस्ती होऊ लागली. म्हणजे चॅपानिसनं शेजारी ठेवून पाहिलेली ही दोन्ही विमानं आमच्याच शहरात उभी होती. मी एचएएलच्या कुंपणाजवळून शेकडो वेळा गेलोय, पण ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली.

विमानातला हा धडा घरातल्या पडद्यापर्यंत यायला फार वेळ लागला. तिथं जो अडायचा, त्यालाच दोष. ऐकू येत नाही? दिसत नाही? मग बघू नका. हे आपोआप बदललं नाही, लोक भांडले म्हणून बदललं. अमेरिकेत कर्णबधिरांची राष्ट्रीय संघटना नेटफ्लिक्सविरुद्ध न्यायालयात गेली. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि २०१४ पर्यंत सगळ्या कार्यक्रमांना लिखित संवाद देण्याचं कंपनीनं मान्य केलं. २०१५ मध्ये याच कंपनीनं 'डेअरडेव्हिल' ही मालिका आणली. नायक आंधळा वकील, आणि आंधळ्यांना ती मालिका कळायची सोय नाही! तक्रारी झाल्या आणि काही दिवसांतच ध्वनिवर्णन आलं, म्हणजे दोन संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय घडतंय ते सांगणारा आवाज. आपोआप सुरू होणारी झलक बंद करायची सोयसुद्धा २०२० मध्ये आली.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे. त्याच्या ४२ व्या कलमात ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि लिखित संवाद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 'पठाण' चित्रपट ओटीटीवर येण्याआधी त्यात या सोयी करायला सांगितल्या. दिव्यांग प्रेक्षकच दाद मागायला गेले होते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याहून मोठी गोष्ट सांगितली : डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. बँकेची ऑनलाइन ओळखपरीक्षा 'डोळे मिचकावा' म्हणायची आणि त्यांना ते शक्य नव्हतं.

मराठीची अडचण थोडी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या मापानं ओळीची उंची ठरवली, की आपली वेलांटी आणि अनुस्वार वरून कापले जातात, उकार खालून. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टाइप घडवला, त्यामागं पडद्यावर नागरी नीट वाचता यावी हीच धडपड होती. तीच काळजी ॲप बनवणाऱ्यांनी घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

मग चांगला पडदा कसा ओळखायचा? चिन्हासोबत शब्द हवा. अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक ठळक हवा. २००८ पासूनचा जागतिक निकष किमान साडेचारास एक असा आहे. रिमोट फिरवताना प्रत्येक जागेचं नाव आवाजात ऐकू यायला हवं. पैशांचं बटण रोजच्या वाटेवर नको. आणि जी गोष्ट माणसाच्या हाताला पाठ झालीय, ती न विचारता हलवू नये.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली, वाचून दाखवणारा आवाज सुरू केला, आपोआप चालणारी झलक बंद केली. खरेदीला पिन लावला. मधल्या बटणावर चिकटपट्टीचा छोटा उंचवटा केला. मग आईला म्हणालो, "आई, तुझं चुकलं नव्हतं. त्यांचं चुकलं, आणि मी ओरडलो ते माझं चुकलं." ती म्हणाली, "बरं. आता ते नाटक लाव." मी म्हटलं, तूच लाव. दोन दिवस लागले, पण तिनं लावलं. कंपनीला मी पत्र लिहिलंय, उत्तर अजून नाही.

त्या जवानाचा ठावठिकाणा मला माहीत नाही. त्याच्या कागदावर माझा शेरा अजून असेल. तो मला आता खोडता येणार नाही. तुमच्या घरात मात्र कुणी रिमोट खाली ठेवून "माझंच चुकलं" म्हणालं, तर ओरडण्याआधी एकदा पडदा तपासा. आणि अडचण कंपनीला लेखी कळवा. आजवर ज्या सोयी मिळाल्या, त्या कुणीतरी तक्रार केली म्हणूनच मिळाल्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.