दुकानात सापडतो, तलावात नाही

परवा भाचा हट्टाला पेटला, "मामा, अ‍ॅक्सोलॉटल घेऊ या ना! दुकानात मिळतो." मिळतो, खरंय. पण मंडळी, त्याचा इतिहास वाचा.

हा शेपटीवाला, पिसांसारखे कल्ले असलेला उभयचर मूळचा फक्त मेक्सिको सिटी परिसरातल्या तलावांतला. १८६४ च्या सुमारास ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोचले. त्यातल्या सहांपासून द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाने पैदास केली, पिल्लं युरोपभर वाटली. आज जगभरच्या टाक्यांतले बरेचसे त्याच वंशाचे.

तिकडे शहर वाढलं, तलाव बुजले, कार्प आणि तिलापिया मासे सोडले गेले. सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० होते; २०१४ च्या पाहणीत उरले ३६!

मग टाकीतले तिथे सोडायचे? तेही सोपं नाही. पिढ्यानपिढ्या नात्यातच पैदास, त्यात दुसऱ्या सॅलमँडरचा संकर, शिवाय रोगांची भीती.

आपल्याकडे २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी पाळायला नोंदणी लागते. म्हणून किंमत विचारण्याआधी कागद मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर सरळ बाहेर पडा. आम्हीही तेच केलं. भाचा अजून रुसलाय, असू दे.