बॅकगॅमन: सुरुवातीच्या खेळ्या कशा निवडाव्यात?

बॅकगॅमन हा दोन फासे आणि प्रत्येकी १५ सोंगट्या घेऊन दोघांनी खेळायचा पट आहे. इराणमध्ये याच घराण्यातल्या खेळाला नर्द म्हणतात, तुर्कस्तानात तावला. दान पडले की सोंगट्या पुढे पळवायच्या, ही नवशिक्या खेळाडूची सवय असते. मात्र पहिल्या दोन-तीन खेळ्यांत वेगाला फारसे महत्त्व नसते. जोखीम कुठे घ्यायची आणि कुठे टाळायची, यावर पुढचा डाव ठरतो.

मांडणी

पटावर २४ घरे असतात. प्रत्येक खेळाडू ती आपल्या बाजूने मोजतो. १ ते ६ ही घरे म्हणजे त्याचे होम बोर्ड. सगळ्या सोंगट्या शेवटी तिथे आणून पटाबाहेर काढायच्या असतात. सुरुवातीला २४व्या घरात २, १३व्यात ५, ८व्यात ३ आणि ६व्यात ५ सोंगट्या असतात. त्या सगळ्या बाहेर काढायला एकूण १६७ पावले लागतात. एका दानात सरासरी आठ पावलांहून थोडी जास्त मिळतात.

प्रतिस्पर्धी उलट दिशेने येतो. एका घरात आपल्या दोन सोंगट्या असल्या की ते घर त्याला बंद होते. एकटी सोंगटी मात्र मारली जाते आणि तिला प्रतिस्पर्ध्याच्या होम बोर्डापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

विचार न करता खेळायची दाने

सुरुवातीला दोघेही एकेक फासा टाकतात. ज्याचा आकडा मोठा, तो ते दोन्ही आकडे खेळतो. आकडे सारखे पडले तर फासे पुन्हा टाकतात. त्यामुळे पहिली दाने १५ प्रकारचीच असतात. त्यांपैकी पाचांची उत्तरे पाठ करून ठेवावीत:

- ३-१: ८व्या आणि ६व्या घरातली एकेक सोंगटी ५व्या घरात. हे सुरुवातीचे सर्वांत मोलाचे घर मानतात.
- ४-२: त्याच दोन घरांतून ४थ्या घरात.
- ५-३: त्याच दोन घरांतून ३ऱ्या घरात.
- ६-१: १३व्या आणि ८व्या घरातून ७व्या घरात. ६, ७, ८ अशी सलग तीन घरे बंद होतात.
- ६-५: मागची एक सोंगटी २४व्या घरातून थेट १३व्या घरात.

जोखमीचा हिशेब

उरलेल्या दहा दानांत बहुतेक वेळा एखादी सोंगटी एकटी पडतेच. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत: ती मारली जाण्याची शक्यता किती, आणि मारली गेली तर नुकसान किती?

४-१ या दानाचे उदाहरण घेऊ. चारने १३व्या घरातली सोंगटी ९व्या घरात आणायची, यावर आज फारसे दुमत नाही. प्रश्न एकाचा आहे. पूर्वी अनेक नामवंत खेळाडू ६व्या घरातली सोंगटी ५व्या घरात एकटी ठेवत. ती वाचली तर पुढच्या दानात ते मोलाचे घर बांधता येई. पण प्रतिस्पर्धी तिच्यापासून चार पावलांवर असतो आणि ३६ पैकी १५ दानांत तिला मारू शकतो. मारली गेली की २० पावले, म्हणजे जवळजवळ अडीच दाने, वाया जातात.

दुसरा पर्याय म्हणजे मागची एक सोंगटी २४व्या घरातून २३व्यात नेणे. तिथे ती मारली गेली तरी फक्त दोन पावलांचे नुकसान होते, कारण तिचा प्रवास अजून सुरूच झालेला नसतो.

जेराल्ड टेसॉरो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम तयार केला. स्वतःशीच लाखो डाव खेळून तो शिकला आणि ४-१ वर त्याने मागची सोंगटी हलवणे पसंत केले. पुढे स्पर्धांमधल्या खेळाडूंनीही तीच खेळी स्वीकारली. २-१ या दानात मात्र ५व्या घरात सोंगटी टाकणे आजही चांगला पर्याय मानला जातो.

मागच्या सोंगट्या सुट्या करण्यातही धोका असतोच. प्रतिस्पर्ध्याला ५-५ पडले तर तो एकट्या सोंगटीला मारून आपल्या होम बोर्डातली दोन घरे एकदम बांधतो.

एकाहून अधिक चांगली उत्तरे

काही दानांत दोन-तीन खेळ्या जवळपास तुल्यबळ असतात. ६-४ मध्ये मागची सोंगटी २४व्या घरातून १४व्यात पळवता येते, २रे घर बांधता येते, किंवा एक सोंगटी २४व्यातून १८व्यात आणि दुसरी १३व्यातून ९व्यात नेता येते. इथे आपल्याला जमणारा डाव निवडावा.

पुढच्या खेळीसाठी क्रम

प्रतिस्पर्धी खेळला की पाठ केलेली उत्तरे बदलू शकतात. तेव्हा आधी पाहावे, त्याची एकटी सोंगटी मारता येते का. विशेषतः आपल्या ५व्या, ४थ्या किंवा ७व्या घरातली. नंतर पाहावे, चांगले घर बांधता येते का. दोन्ही शक्य नसेल तर सर्वांत स्वस्त जोखीम घ्यावी.

जोखीम घ्यायला सुरुवातीचाच काळ बरा. प्रतिस्पर्ध्याच्या होम बोर्डात तेव्हा एकच घर बंद असते, त्यामुळे मारलेली सोंगटी फक्त ६-६ पडले तरच बाहेर अडकते. त्याने आणखी दोन-तीन घरे बांधली की त्याच चुकीची किंमत कितीतरी वाढते.