तीस सह्यांचा कागद

बेलफास्टजवळ स्टॉर्मंटच्या टेकडीवर उत्तर आयर्लंडची विधानसभा भरते. तिथे एका साध्या कागदाला विलक्षण वजन आहे. 30 आमदारांनी त्यावर सह्या करून तो मतदानाआधी दिला की निव्वळ बहुमताने काम भागत नाही. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे युनियनिस्ट आणि संयुक्त आयर्लंड मागणारे नॅशनलिस्ट, अशा दोन्ही गटांची मान्यता मग मिळवावी लागते. दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत तरी हवे, नाहीतर सभागृहात 60 टक्के आणि प्रत्येक गटात किमान 40 टक्के मते तरी हवीत. या कागदाचे नाव ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’. सत्तावाटपावर चालणाऱ्या त्या सरकारात सुधारणेचा विषय निघाला की वाद हमखास या कागदापाशी येऊन थांबतो.

त्याचे कूळ शोधायचे तर आधी तो ज्या भीतीतून जन्मला ती पाहायला हवी. 1921 मध्ये उत्तर आयर्लंड वेगळे झाले, तेव्हा तिथे कॅथलिक, म्हणजे बहुतांशी नॅशनलिस्ट, साधारण एक तृतीयांश होते. 1972 मध्ये लंडनने तिथली संसद बंद केली. तोवरच्या 50 वर्षांत प्रत्येक सरकार अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचेच होते. 1929 मध्ये त्या संसदेच्या निवडणुकीतली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत रद्द झाली आणि अल्पसंख्याकांचा उरलासुरला वावही आक्रसला. या अर्धशतकात नॅशनलिस्टांनी पुढाकार घेऊन मंजूर करून घेतलेला कायदा म्हणून एकाच कायद्याचे नाव घेतले जाते: 1931 चा वन्य पक्षी संरक्षण कायदा. घरे, नोकऱ्या, मतदारसंघांच्या सीमा या कशातही त्यांचा शब्द चालला नाही. तिथे बहुमताचे राज्य अगदी नियमाप्रमाणे चालले होते, आणि अन्यायही त्याच नियमांतून होत होता. आज या कागदाला नावे ठेवणाऱ्यांनी ही 50 वर्षे विसरू नयेत असे मला मनापासून वाटते.

संख्येने कमी असणाऱ्यांच्या हाती एखादा अडसर द्यावा, ही कल्पना मात्र बेलफास्टमध्ये जन्मलेली नाही. तिचा एक जुना आणि आपल्या फार जवळचा अवतार डिसेंबर 1916 च्या लखनौ करारात आहे. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातल्या त्या समझोत्यामागे लोकमान्य टिळक आणि बॅरिस्टर जिना हे दोन मोठे आधार होते. शाळेच्या पुस्तकामुळे या करारातले विभक्त मतदारसंघ आपल्याला ठाऊक असतात, आणि मुंबई प्रांतात मुसलमानांना एक तृतीयांश जागा द्यायच्या होत्या, हेही काहींना आठवत असेल. त्यातल्याच दुसऱ्या एका कलमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या समाजाशी संबंधित बिनसरकारी विधेयकाला त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी विरोध केला, तर ते पुढे न्यायचे नाही, असे त्यात ठरले होते. विधेयक त्या समाजाशी संबंधित आहे की नाही हेही त्याच समाजाच्या सदस्यांनी ठरवायचे होते. मदनमोहन मालवीयांसारख्यांना हा करार मान्य नव्हता. टिळक मात्र आपल्याच बाजूच्या टीकेला तोंड देत त्याच्या पाठीशी उभे राहिले. ब्रिटिशांपुढे एकमुखाने उभे राहायचे तर दुसऱ्याच्या भीतीला कागदावर जागा द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हापासून या कल्पनेच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. धोका आहे की नाही हे ज्याला धोका वाटतो त्यानेच ठरवायचे असेल, तर खोटी ओरड कोण आणि कशी थांबवणार?

सायप्रसमध्ये या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. 1960 च्या राज्यघटनेने तिथल्या लोकसभेत ग्रीकांना 35 आणि तुर्कांना 15 जागा दिल्या, आणि कर, नगरपालिका व निवडणूक कायद्यांसाठी दोन्ही गटांचे स्वतंत्र बहुमत आवश्यक केले. म्हणजे 8 तुर्की सदस्यांच्या विरोधाने देशाचा करकायदा अडू शकत होता, आणि 1961 मध्ये तो अडलाही. नगरपालिकांचा वाद मिटला नव्हता, त्याचे हत्यार म्हणून कर अडवले गेले. 30 नोव्हेंबर 1963 रोजी राष्ट्राध्यक्ष मकारियोस यांनी घटनादुरुस्तीचे 13 मुद्दे मांडले. स्वतंत्र बहुमताची अट काढून टाकणे हा त्यांतला एक होता. महिनाही उलटला नाही तोच निकोसियात गोळीबार सुरू झाला, आणि सत्तावाटपाचे ते सरकार पुन्हा कधी एकत्र बसले नाही.

बेल्जियमने अधिक शहाणपण दाखवले. 1970 च्या घटनादुरुस्तीने तिथे ‘धोक्याची घंटा’ या नावाची तरतूद आणली. एखाद्या भाषागटाच्या तीन चतुर्थांश खासदारांनी लेखी कारणे देऊन सह्या केल्या, तर विधेयक 30 दिवस थांबते. तेवढ्या मुदतीत मंत्रिमंडळाने त्यावर आपले मत द्यायचे असते, आणि त्या मंत्रिमंडळात फ्रेंच व डच भाषकांची संख्या समान असते. एका विधेयकावर एका गटाला ही घंटा एकदाच वाजवता येते. लखनौप्रमाणे इथेही तीन चतुर्थांशच. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असे नव्हे, सारख्या भीतीने दोघांना सारख्या आकड्यापर्यंत आणले. पण बेल्जियममध्ये घंटा वाजवणाऱ्याला कारण द्यावे लागते, आणि ऐकणाऱ्याला उत्तर. अर्ध्या शतकात ती 1985 आणि 2010 अशी दोनदाच वाजल्याची नोंद आहे, यात मला नवल वाटत नाही.

बेलफास्टचा कागद 10 एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे या शांतता करारात आला. त्याआधीचा प्रयोग, ब्रायन फॉकनर यांचे संयुक्त मंत्रिमंडळ, 1 जानेवारी 1974 रोजी सुरू होऊन 28 मे रोजी युनियनिस्ट कामगारांच्या संपापुढे कोसळले होते. त्यामुळे या वेळी दोन्ही बाजूंना पक्की हमी हवी होती. मूळ करारात या कागदाला जोडून एक पायरीही होती: वादग्रस्त विधेयक समानतेच्या आणि मानवी हक्कांच्या कसोटीवर उतरते का, हे विधानसभेची खास समिती तपासू शकेल. ही पायरी व्यवहारात जवळजवळ पुसली गेली. अशी समिती बसली ती 2012 मध्ये, कल्याणकारी भत्त्यांच्या विधेयकासाठी. एरवी सह्या झाल्या की थेट मतदान. कारण विचारणारे कोणी उरले नाही, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या बिघाडाचे मूळ इथेच आहे.

आणि मग तो 30 चा आकडा. 1998 च्या विधानसभेत 108 आमदार होते. सर्वांत मोठ्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे 28, नॅशनलिस्टांपैकी एसडीएलपीचे 24, युनियनिस्टांच्याच दुसऱ्या पक्षाचे, डीयूपीचे 20 आणि नॅशनलिस्ट शिन फेनचे 18. म्हणजे कोणालाही एकट्याच्या बळावर कागद भरता येत नव्हता, दुसऱ्या पक्षाच्या आमदाराला पटवून द्यावेच लागे. ती खरी सुरक्षा होती, पण ती कायद्यात लिहिलेली नव्हती. 2003 मध्ये डीयूपीचे बरोबर 30 आमदार निवडून आले. विधानसभा तेव्हा निलंबित होती. ती 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा पक्षाकडे 36 होते, आणि 2011 मध्ये 38. समाजाच्या संरक्षणाचे साधन अशा रीतीने एका पक्षाच्या दप्तरात जाऊन बसले.

2011 ते 2016 या काळात असे 115 कागद दाखल झाले, त्यांतले बहुतेक डीयूपीचे. काही वेळा एकाच विधेयकाच्या निरनिराळ्या दुरुस्त्यांवर निरनिराळे कागद आले. आपल्या मंत्र्याविरुद्धचा ठराव रोखण्यासाठीही तो वापरला गेला. 2 नोव्हेंबर 2015 रोजी समलिंगी विवाहाच्या बाजूने सभागृहात पहिल्यांदाच निसटते बहुमत मिळाले, आणि डीयूपीच्या कागदाने ते निकामी केले. या प्रश्नात युनियनिस्ट समाजाच्या अस्तित्वाला धोका कोणता होता? तिथे उभय समाजांतली समलिंगी जोडपी होती, आणि त्यांना कोणत्याच गटाच्या सह्या मिळणार नव्हत्या. शेवटी लंडनच्या संसदेने कायदा करून जानेवारी 2020 पासून तो हक्क दिला. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ म्हणता येत नाहीत. मे 2015 मध्ये शिन फेन आणि एसडीएलपीच्या आमदारांनी हाच कागद वापरून भत्त्यांचे ते विधेयक शेवटच्या टप्प्यावर पाडले. सरकारातला एक भागीदार विधेयक आणतो आणि दुसरा ते अडवतो, असे चित्र त्या वर्षी जगाने पाहिले.

2017 च्या निवडणुकीपासून सदस्यसंख्या 90 वर आली, 30 चा आकडा मात्र तसाच राहिला. डीयूपी 28 वर थांबला. ज्या पक्षाचा फायदा संपला होता, त्याला सुधारणा मान्य करणे आता सोपे होते. जानेवारी 2020 च्या समझोत्यात तत्त्व ठरले, 2022 मध्ये लंडनने कायदा केला: सह्या किमान दोन पक्षांच्या हव्यात, अध्यक्ष आणि उपाध्यक्षांनी सही करायची नाही, 14 दिवस विचाराला द्यायचे आणि त्यानंतर सह्यांना पुन्हा दुजोरा द्यायचा, आणि आमदारांच्या वर्तनाच्या चौकशीवर हा कागद चालणार नाही. नशिबाने मिळालेली 1998 ची सुरक्षा 24 वर्षांनी कायद्यात लिहिली गेली.

या कागदाला आता वंशजही आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या 2023 च्या विंडसर फ्रेमवर्क करारात संघाचे सुधारित नियम उत्तर आयर्लंडमध्ये लागू होण्याआधी अडवण्यासाठी ‘स्टॉर्मंट ब्रेक’ ठेवला आहे. त्यालाही किमान दोन पक्षांच्या 30 सह्या लागतात. युनियनिस्टांनी रसायनांच्या वेष्टनांवरील लेबलांच्या नियमावर तो ओढून पाहिला. जानेवारी 2025 मध्ये ब्रिटिश मंत्री हिलरी बेन यांनी नकार दिला. त्याआधी, 10 डिसेंबर 2024 रोजी, त्याच करारातली व्यापारव्यवस्था पुढे चालू ठेवण्याचा ठराव 48 विरुद्ध 36 असा साध्या बहुमताने झाला होता. त्या एका मतदानापुरता हा कागद कायद्यानेच बाजूला ठेवला होता. एकाही युनियनिस्ट आमदाराने बाजूने मत दिले नव्हते. त्यांची तक्रार मला पोकळ वाटत नाही. नको असलेल्या निर्णयापुरते संरक्षण काढून घेतले, तर त्यावरचा विश्वास कसा टिकेल?

सर्वांत जुना अन्याय मात्र तसाच आहे. विधानसभेत आल्यावर प्रत्येक आमदार आपली नोंद युनियनिस्ट, नॅशनलिस्ट किंवा ‘इतर’ अशी करतो, आणि कागद आला की ‘इतर’ मंडळींचे मत कोणत्याच गटाच्या हिशेबात धरले जात नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे डेव्हिड ट्रिंबल यांना मुख्य मंत्रिपदी निवडून आणण्यासाठी ‘इतर’ गटातल्या अलायन्स पक्षाच्या तीन आमदारांना काही काळ स्वतःची नोंद युनियनिस्ट अशी करावी लागली. सरकार वाचवायचे तर आपली ओळख बाजूला ठेवा, असा तो नियम होता. तेव्हा त्या पक्षाकडे मोजके आमदार होते, 2022 मध्ये 17 निवडून आले. गटांची अट काढून सभागृहाचे मोठे बहुमत पुरेसे धरावे, अशी त्यांची मागणी आहे. कायदा बदलायचा अधिकार लंडनचा आहे, पण तिथले सरकार मोठ्या पक्षांच्या संमतीशिवाय याला हात लावायला तयार नसते. 2022 च्या निकालानुसार शिन फेन आणि एसडीएलपी यांचे मिळून 35 आमदार होतात, डीयूपी आणि अल्स्टर युनियनिस्ट यांचे 34.