चावडीवरचा कागद

परवा आईला फोन आला, "कर्ज हवंय का?" असे फोन सगळ्यांनाच येतात. पण पलीकडच्या माणसाने आमच्या माणमधल्या जमिनीचा गट नंबरही सांगितला आणि आई घाबरली. "याला कोणी सांगितलं रे?"

खरं तर गट नंबर कळणं अवघड नाही. सातबारा आता इंटरनेटवर कोणालाही बघता येतो. पण त्यावर आईचा मोबाईल नंबर नसतो! या दोन्हींची गाठ कोणी मारली, ते मात्र कळायला मार्ग नाही.

आप्पांना चावडी आठवली. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा फेरफाराची नोटीस चावडीवर लागली होती. त्यात आजीचं नाव चुकलं होतं. आप्पांनी हरकत घेतली आणि नाव दुरुस्त झालं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतच ही रीत आहे: नोंद करायची तर संबंधितांना कळवायचं, हरकत ऐकायची, मग पक्की करायची. म्हणजे माहिती उघडी होती, पण आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आपल्यालाही दिसत होतं.

पुढे एमआयडीसीने गावातली जमीन घेतली आणि हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणमध्ये आला. जिथे ज्वारी होती तिथल्या काचेच्या इमारतींत आता साता समुद्रापलीकडच्या लोकांची माहिती हाताळली जाते.

त्या माहितीचं काय होऊ शकतं, हे पुण्याने एप्रिल २००५ मध्ये पाहिलं. एमफॅसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून गुप्त क्रमांक मिळवले आणि त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचं उघड झालं. परदेशी गिऱ्हाईक बिथरलं तर काय, ही चिंता तेव्हा मोठी होती. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३-अ आलं: संवेदनशील माहिती जपण्यात कंपनीने हयगय केली आणि नुकसान झालं, तर भरपाई. २०११ च्या नियमांनी माहिती पाहून दुरुस्त करून घेण्याची सोयही दिली, पण आपण स्वतः कंपनीला दिलेल्या माहितीपुरती. न विचारता गोळा केलेल्या नंबराचं काय?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. माहिती पाहणं, दुरुस्त करणं, पुसायला लावणं हे हक्क त्यात आहेत. कायद्यानेच जाहीर केलेली माहिती मात्र त्यातून वगळली आहे, म्हणजे सातबारा उघडाच राहणार.

राहू दे. आईची तक्रार सातबाऱ्याबद्दल नाहीच. आपल्या नावाने कुठेतरी एक वही भरते आहे आणि तिची नोटीस कुठल्याच चावडीवर लागत नाही, याची तिला भीती वाटते.

आईने त्या माणसाला विचारलं होतं, "माझा नंबर कुठून मिळाला?" त्याने फोन ठेवून दिला. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. तुम्हीही विचारत जा.