छावणीतली चूल

देवनहळ्ळीचा किल्ला बेंगळूरच्या उत्तरेस, नंदीदुर्गाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. १७४९ साली म्हैसूरच्या सैन्याने त्याला वेढा घातला, तेव्हा हैदरअलीचे नाव प्रथम पुढे आले. टिपू सुलतानाचा जन्मही याच गावचा. देवनहळ्ळीचा उल्लेख बहुधा एवढ्यावरच आटोपतो. परंतु १७९१ साली या वाटेने जे सैन्य गेले, त्याची कथा तोफांपेक्षा चुलींचीच अधिक आहे.

त्या वर्षी टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र झाले होते. २१ मार्चच्या रात्री लॉर्ड कॉर्नवॉलिसने बेंगळूरचा किल्ला सर केला आणि निजामाच्या घोडदळाला गाठण्यासाठी तो उत्तरेकडे निघाला. देवनहळ्ळी विशेष प्रतिकाराविना त्याच्या हाती आली. सुमारे दहा हजार स्वार येऊन मिळाले, परंतु हे नवे बळ लवकरच भार ठरले. चारा आणण्यापेक्षा आयता चारा संपवण्याकडेच त्या स्वारांचा ओढा होता.

चारा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आज रानात मुक्काम करणारा प्रवासी गॅसची टाकी किंवा विजेची बॅटरी बरोबर नेतो. अठराव्या शतकातील छावणीची चूल तीन दगडांची असे. काटक्या रानातून वेचाव्या लागत. मुक्काम लांबला की जनावरांच्या शेणाच्या गोवऱ्या होत. धान्य जात्यावर हातानेच दळायचे. ही सारी सामग्री ओढून नेणारा होता बैल, आणि बैल जगत होता वाटेवरच्या गवतावर. म्हणजे छावणीचे स्वयंपाकघर खऱ्या अर्थाने चालत होते ते कुरणाच्या जिवावर. कुरण जळाले की बैल पडे, बैल पडला की धान्य मागे राही, आणि चूल थंड होई.

टिपूने हे मर्म ओळखले होते. मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाकडे निघाला, तेव्हा वाटेवरचा चारा आणि धान्य त्याने आधीच नष्ट करविले. १५ मे रोजी लढाईत इंग्रजांचा जय झाला, परंतु त्या जयाने कोणाचे पोट भरले नाही. बैल रोज मरत होते. तोफा माणसांना ओढाव्या लागत होत्या. अखेर वेढ्याच्या अवजड तोफा आपल्याच हातांनी निकामी करून कॉर्नवॉलिसला माघारी वळावे लागले.

या माघारीच्या वाटेवर, मेअखेरीस, एक घोडदळ दृष्टीस पडले. प्रथम ते शत्रूचेच वाटले. पण ते निघाले मराठ्यांचे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा जवळ येऊन ठेपल्या होत्या, परंतु टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे त्याची वार्ता इंग्रजांना लागलीच नव्हती. त्या फौजांबरोबर मराठी लष्कराचा फिरता बाजार होता. धान्यापासून शालींपर्यंत आणि सराफांच्या पेढीपर्यंत सर्व काही तेथे मांडलेले होते. भाव चढे होते, तरी उपाशी माणसाला अन्न मिळाले.

मराठीत ‘बाजारबुणगे’ हा शब्द तुच्छतेनेच उच्चारला जातो. १७६१ च्या पानिपतावर याच बिनलढाऊ माणसांचे ओझे सैन्याला जड झाले, असा दोष त्यांच्या माथी आहे, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु तीस वर्षांनी म्हैसूरच्या मुलुखात वाणी, बैलवाले आणि सराफ यांच्याच बळावर एका सैन्याची चूल पुन्हा पेटली. तलवार चालवणारा जितका छावणीचा आधार, तितकाच तिला शिधा पोचवणाराही होता.

कॉर्नवॉलिसने हा धडा मनावर घेतला. पुढल्या मोहिमेपूर्वी ऑक्टोबर १७९१ मध्ये नंदीदुर्ग जिंकून उत्तरेकडून येणाऱ्या रसदेची वाट मोकळी करण्यात आली. कॅप्टन अलेक्झांडर रीडने वंजाऱ्यांच्या तांड्यांना आगाऊ पैसा दिला आणि आपले धान्य आपल्या भावाने विकण्याची मुभाही दिली. १७९२ च्या फेब्रुवारीत सैन्य पुन्हा श्रीरंगपट्टणापुढे उभे राहिले, तेव्हा त्याच्या मागे हे तांडे होते. मार्चमध्ये तह झाला. टिपूला निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लक्ष रुपये द्यावे लागले.

या हिशेबात एक रकम मात्र कोणी मांडली नाही. सैन्य मित्राचे असो वा शत्रूचे, त्याच्या बैलांनी खाल्लेले गवत आणि त्याच्या वाटेवर जाळलेले कणगे हे कोणा ना कोणा शेतकऱ्याचेच होते. छावणीत एक चूल पेटे, तेव्हा वाटेवरच्या गावात दुसरी विझे. त्या विझलेल्या चुलींचा वाटा कोणत्याही तहनाम्यात ठरला नाही.